बीप उशिरा यावी

किस्से कसे साठतात, हे मला आमच्या लॅबच्या डीप फ्रीझरनं शिकवलं. एखादा नमुना आपण ‘उद्या बघू’ म्हणून मागे सरकवतो. त्याच्यापुढे दुसरा येतो, दोघांवर बर्फ चढतो. मग मे महिन्यात कधीतरी लाइट जाते, फ्रीझर रिकामा करावा लागतो, आणि बर्फ खरवडून नाव वाचलं की अख्खा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो! प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या द्रवाचा, नियम असा की एकदा वितळवला तर परत गोठवायचा नाही. किश्शांना तो नियम नाही. आम्ही तेच ते किस्से दर चहाला वितळवतो आणि कप धुऊन होईपर्यंत परत आत ठेवून देतो.

लॅब नागपूरच्या धंतोलीत. म्हणजे हॉस्पिटलच्या पाट्यांमधून आकाश शोधावं लागतं तिथे. शुगर-कोलेस्टेरॉलवाल्या लॅब गल्लोगल्ली आहेत. आमच्याकडे येतात ते गुठळीवाले. पंचविशीतला मुलगा आणि पायात गुठळी. चांगली धडधाकट बाई आणि मेंदूत गुठळी. तीनदा पाळणा आणायचं ठरलं आणि तिन्हीदा राहून गेलं, असं जोडपं. आमच्या वेटिंग रूममध्ये मोबाइलवर रील बघून कोणी हसत नाही.

ह्या लोकांना टेस्ट समजावून सांगायचं काम मंगलाताईंचं. मंगलाताई आमच्या सिनियर टेक्निशियन, माहेर भिवापूर. त्या सांगतात, ‘‘हे पाहा भाऊ, रक्ताले गाडीसारखं ॲक्सिलरेटर असते, तसे ब्रेकही असते. गुठळी कुठं थांबवायची ते ब्रेक सांगते. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन. तुमचे ब्रेक लागते का नाही, थे आम्ही पाहून राहिलो.’’

एम.एस्सी.ला दोन वर्षं घालवून मला हे इतकं स्वच्छ कधी सांगता आलं नाही.

मंडळी तीनच. सर, पॅथॉलॉजिस्ट, जुन्या नागपुरातल्या महाल भागातले. बोलणं इतकं कमी की रिपोर्टवरची सही हेच त्यांचं संभाषण. मंगलाताई. आणि मी, अनू, जी दचकते. लिफ्टच्या घंटीनं दचकते, फोननं दचकते, कोणी मागून ‘अनू’ म्हटलं तरी दचकते.

चौथी पूर्वा. ती लॅबमध्ये नसते, पण सध्या लॅबमध्ये तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. पूर्वा मंगलाताईंची मुलगी. तिला सातवा महिना आहे.

ह्या सगळ्या किश्शांच्या तळाशी जी गोष्ट पडून आहे, ती आधीच सांगते, म्हणजे मला मधेच भरून यायला नको. मंगलाताईंची मोठी बहीण शोभा बाळंतपणानंतर सव्वा महिन्याच्या आत गेली. पाय सुजला होता. ‘बाळंतिणीचा पाय सुजतेच’ म्हणाले सगळे. मग एका सकाळी न्हाणीतून उठताना छातीला हात लावला आणि संपलं. ब्रेक कमी असणं घराण्यातून येऊ शकतं. शोभामावशीत ते कमी होतं का, कोणी मोजलं नाही. मंगलाताईंमध्ये कमी आहे का, हे मंगलाताईंनी मोजू दिलं नाही. आणि पूर्वाला सातवा.

•

आमच्याकडे गुठळी मोजायचं एक जुनं मशीन आहे. त्याच्या खाचेत छोटीशी कुपी बसते, कुपीत प्लाझ्मा, आणि प्लाझ्मात स्टीलची एक गोळी. मोहरीएवढी. चुंबकानं ती इकडून तिकडे, तिकडून इकडे डोलत राहते. प्लाझ्मा गोठला की गोळी अडकते, आणि मशीन बीप करतं.

पहिल्या दिवशी पहिली बीप झाली तेव्हा माझ्या हातातून पिपेट उडालं ते थेट सरांच्या चपलेवर!

‘‘मायबाई!’’ मंगलाताई ओरडल्या. ‘‘बीप होऊन राहिली वं, बॉम्ब नाही!’’

सरांनी पिपेट उचललं, टोकाची टिप काढून फेकली आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, ‘‘होईल सवय.’’

झाली नाही.

•

त्याच मशीनवर पहिल्यांदा मी एकटीनं प्रोटीन एस लावलं. पेशंट बावीस वर्षांचा, वर्ध्याकडचा. वडील बाहेर दाराच्या काचेशी उभे. गोळी डोलायला लागली आणि चटकन बीप! मला वाटलं, वा! शाळेपासून डोक्यात हेच बसलेलं, की ज्याचा पेपर लवकर झाला तो हुशार. मी आनंदानं ओरडले, ‘‘ताई, लवकर आली!’’

काचेपलीकडच्या वडिलांनी ते ऐकलं. त्यांनी टोपी काढली आणि मला हात जोडले.

मंगलाताईंनी मला दंडाला धरून आत नेलं. ‘‘पोरी, ह्या टेस्टमंदी आपण ब्रेक मोजून राहिलो ना? ब्रेक चांगलं असलं तर गोठायले वेळ लागते. गोळी जेवढी जास्त डोलन तेवढं बरं. इथं लवकर येणं चांगलं नसते.’’

‘‘मग बाहेर त्यांना...?’’

‘‘आता तू तोंड उघडू नको,’’ त्या म्हणाल्या आणि ॲप्रनला हात पुसत बाहेर गेल्या. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. काचेतून एवढं दिसलं, की त्यांनी काकांना आधी खाली बसवलं, पाणी दिलं, आणि मग बोलायला सुरुवात केली. काकांनी टोपी बराच वेळ हातातच ठेवली होती.

तेव्हापासून मी बीपला दचकते ते नुसत्या आवाजाला नाही.

•

हा जरा हलका. प्रोटीन सी मोजायचं तर आधी त्याला जागं करावं लागतं, आणि जागं करायला किटमध्ये सापाचं विष असतं. थट्टा नाही, खरंच! अमेरिकेतला कुठलासा साप, त्याच्या विषातून काढलेला कण, छोट्या बाटलीत पांढरी पावडर.

मंगलाताईंनी ही माहिती मला कशी द्यावी? बाटली तळहातावर ठेवली, मूठ मिटवली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, ‘‘जपून धर वं. साप आहे त्याच्यात.’’

बाटली वाचली. मी खुर्चीवर चढले होते.

पण खरी गंमत नागपंचमीची. त्या दिवशी मंगलाताई प्रोटीन सी लावत नाहीत. बाकी सगळं लावतात. किटच्या खोक्याला हळदीकुंकवाचं एक बोट, आणि फ्रीजचं दार बंद. एका वर्षी काम फार तुंबलं होतं. सर बराच वेळ घुटमळले, मग म्हणाले, ‘‘मंगला, तो अमेरिकेतला साप आहे.’’

‘‘असन. पण नोकरी नागपुरात करून राहिला ना? मग आज त्याले सुट्टी!’’

सर केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी स्वतः प्रोटीन सी लावलं.

•

किटच्या कागदावर लिहिलेलं असतं, ‘रूम टेम्परेचरला आणावे.’ किट येतं युरोपातून. तिथल्या रूमला टेम्परेचर असतं. नागपूरच्या रूमला मे महिन्यात ताप असतो!

तर मे महिना. एसी बंद पडला, आणि त्याला दुरुस्त करणारा माणूस ‘निघालो’ म्हणाला म्हणजे अजून अंथरुणात होता. आमच्या टेस्टला सदतीस अंश लागतात, शरीराइतकं. त्यासाठी गरम पाण्याचं एक पात्र असतं. ते पाणी सदतीसवर आणून तिथेच थांबवतं. मी सकाळी थर्मामीटर पाहिला, चाळीस. घाबरून मंगलाताईंना हाक मारली, ‘‘ताई, हे बिघडलं! जास्त तापतंय!’’

मंगलाताईंनी वाकून पाहिलं. मग पात्राच्या मागे हात घातला आणि वायर वर उचलून मला दाखवली. प्लग लागलेलाच नव्हता.

त्या दिवशी एकही टेस्ट झाली नाही. यवतमाळहून, गोंदियाहून आलेल्या लोकांना दुपारच्या उन्हात परत पाठवायचं होतं. सर स्वतः बाहेर जाऊन प्रत्येकाला सांगत होते. एक म्हातारे आजोबा शांतपणे म्हणाले, ‘‘काही हरकत नाही साहेब. रक्त आमचंच आहे, पुन्हा घेऊन येऊ.’’

•

ऑडिटचा किस्सा सांगितल्याशिवाय मंगलाताई मला जेवू देणार नाहीत.

आमच्या प्रत्येक टेस्टबरोबर दोन ‘कंट्रोल’ चालवायचे असतात. म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने. एक कमी आकड्याचा, एक जास्त आकड्याचा. लो आणि हाय. उत्तर बरोबर आलं तर मशीनवर विश्वास ठेवायचा. तर ऑडिटला हैदराबादहून एक साहेब आले होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी रिएजंटचा, म्हणजे टेस्टच्या रसायनांचा, फ्रीज उघडला. अगदी मागे एक प्लास्टिकचा डबा, वर मार्करनं लिहिलेलं, ‘कंट्रोल हाय’. साहेबांनी झाकण उघडलं, वास घेतला...

आणि जे शिंकायला लागले!

भिवापुरी मिरचीचं तिखट. लॅबमधल्या सगळ्यांनी डब्यात हात घालू नये म्हणून मंगलाताईंनी लपवलेलं.

साहेब डोळे पुसत म्हणाले, ‘‘ये... ये हाय कंट्रोल किस चीज का है?’’

सर खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, ‘‘भिवापूर का.’’

ऑडिटच्या रिपोर्टात खाण्याची वस्तू फ्रीजमध्ये सापडल्याचा शेरा आला, तो आम्हाला मुकाट गिळावा लागला. जाताना साहेबांनी अर्धा डबा बांधून नेला, हे कुठल्याच रिपोर्टात नाही.

•

एक बाई आली होती, उमरेडकडची. माझ्याच वयाची, हातात हिरव्या बांगड्या. बरोबर सासू. दोनदा पोट पडलेलं. प्रोटीन एस करायला पाठवलेलं.

रक्त घेण्याआधी आम्ही प्रत्येकीला विचारतो, दिवस राहिलेत का? कारण गरोदरपणात प्रोटीन एस आपोआपच खाली येतं, चांगल्या धडधाकट बाईचंही. त्या दिवसांत मोजलं तर आकडा कमी दिसणार. पण तो रक्ताचा दोष आहे की पोटातल्या बाळामुळे, हे कोणीच सांगू शकणार नाही.

‘‘नाही, नाही,’’ सासूनंच उत्तर दिलं. ‘‘कुठलं काय!’’

बाई खाली बघत होती. मी रक्त घेतलं. ट्यूबचं टोपण निळं, आत रक्त साकळू न देणारं औषध, रेघेपर्यंत भरलेलं, सगळं नियमाप्रमाणे. मंगलाताई मागे उभ्या होत्या. त्यांनी सासूला म्हटलं, ‘‘मावशी, तुमी जरा खाली जा ना, कोपऱ्यावरच्या मेडिकलातून कापसाचा रोल आणा. संपला आमचा.’’

कापसाचे रोल कपाटभर होते!

सासू गेल्यावर मंगलाताई बाईसमोर उकिडव्या बसल्या. ‘‘किती झाले?’’

बाईनं एक बोट वर केलं. मग दुसरं, अर्धं. मग हळूच म्हणाली, ‘‘ताई, सांगू नका हो कोनाले. मांगच्या दोन खेपेला सांगितलं, तर राह्यलं नाही.’’

मंगलाताईंनी ती ट्यूब माझ्या हातातून घेतली. सासू कापूस घेऊन आली तेव्हा म्हणाल्या, ‘‘मावशी, रक्त साकळलं ट्यूबमंदी. आमचीच चूक झाली. आता लगेच घेत नाही, डॉक्टर सांगतीन तेव्हा या.’’

‘‘एवढी मोठी लॅब अन् रक्त साकळते?’’ सासू फणकारली. ‘‘ह्या कापसाचं आता मी काय करू?’’

‘‘ठेवा जपून. लागन घरी,’’ मंगलाताई म्हणाल्या. ‘‘चांगल्या कामाले लागन.’’

सरांनी आतून सगळं ऐकलं होतं; ते तिच्या डॉक्टरांना फोन लावत होते. बरंच बोलले त्या दिवशी. सरांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

ती ट्यूब मंगलाताईंनी लगेच फेकली नाही. उजेडाशी धरून बघत राहिल्या. साकळलेलं काहीच नव्हतं त्यात.

•

आता ‘नॉर्मल’ लोकांबद्दल.

ब्रेक मोजायचा तर कशाच्या तुलनेत मोजायचा? त्यासाठी आम्ही धडधाकट माणसांचं रक्त घेतो, त्यांचा प्लाझ्मा एकत्र करतो आणि त्या मिश्रणाला म्हणतो शंभर टक्के. त्याचं नाव ‘नॉर्मल पूल’. पेशंट साठ टक्के म्हणजे ह्या पूलच्या साठ टक्के. पूलमध्ये येण्याआधी प्रत्येकाला एकेकटं तपासून घेतात. ज्याचं ठीक, तो आत.

आजूबाजूच्या सगळ्यांनी दिलंय. समोरच्या हॉस्पिटलच्या नर्सेस, लिफ्टवाले काका, वॉचमन बंडूभाऊ. बंडूभाऊंचं रक्त पास झालं तेव्हा त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, दंडाला कापूस, अंगठा वर, खाली ‘डॉक्टरांनी सांगितलं, मी नॉर्मल आहे.’

त्यांच्या बायकोनं उत्तर दिलं, ‘पुन्हा एकदा तपासून घ्या.’

पूलमध्ये नसलेल्या दोघीच. एक मी. दुसऱ्याला मी खुशाल टोचते, पण सुई माझ्याकडे वळली की खुर्ची सोडते. एकदा सरांनी नुसता दंडाला पट्टा बांधला आणि मी आडवी झाले. तेव्हापासून सगळे म्हणतात, अनू काही नॉर्मल नाही!

आणि दुसऱ्या मंगलाताई. दरवेळी कारण तयार. कधी सर्दी, कधी उपास, कधी ‘आजच डोक्याची गोळी खाल्ली ना सर’. आम्ही हसायचो. हे हसण्यासारखं नाही, ते मला बरंच उशिरा कळलं. मागच्या खेपेला सर्दी, उपास, गोळी सगळं सांगून झालं आणि सर म्हणाले, ‘‘मंगला, पूलसाठी नको. स्वतःसाठी दे एकदा.’’

मंगलाताई रॅक पुसत होत्या. पुसतच राहिल्या. ‘‘कमी निघालं, तर वाढवून देता का सर?’’

सरांनी हातातला पट्टा गुंडाळून खिशात घातला.

‘‘मंग कायले?’’

त्यानंतर कोणीच कधी विचारलं नाही. ट्यूबच्या त्या बाजूला दुसऱ्याचं रक्त असतं तोवरच आपण टेक्निशियन असतो, असं मला तेव्हा वाटून गेलं. त्या रॅकवर डाग नव्हताच मुळी.

•

आणि हा शेवटचा. ह्याला आम्ही चहाबरोबर वितळवत नाही.

पूर्वाचा डावा पाय सुजला. सोनोग्राफीत गुठळी निघाली नाही, पण तिच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरात कोणाला असं काही झालं होतं का? पूर्वानं मावशीचं सांगितलं. मॅडमनी लगेच सरांना फोन केला. मुलीचं प्रोटीन एस आता मोजून उपयोग नाही, सातवा महिना आहे. आईचं मोजा. आईचं नीट आलं तर थोडा श्वास घेऊ. कमी आलं तर वाट बघायची नाही, उद्यापासून पूर्वाला रक्त पातळ ठेवणारी रोजची सुई सुरू. अगदी बाळंतपणानंतरही चालू ठेवायची, कारण मावशी गेली ती बाळंतपणानंतरच.

सरांनी हे सगळं मंगलाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘हो सर.’’

मग माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि बाही वर केली.

‘‘अनू, तूच काढ.’’

‘‘ताई, माझा हात थरथरतोय. सरांना...’’

‘‘थरथरू दे. शीर माही जागेवरच आहे.’’

मी निळ्या टोपणाची ट्यूब घेतली. इतक्या जणांचं रक्त घेतलंय, पण मंगलाताईंच्या दंडाला पट्टा बांधताना मला तो दंड लहान वाटला. रक्त आलं, रेघेपर्यंत. त्या स्वतःच कापूस दाबून उठल्या. ‘‘दोनदा फिरव. माह्यासाठी शॉर्टकट मारशीन तर पाहून घेईन तुले.’’

सेंट्रिफ्यूजमध्ये मी ते दोनदा फिरवलं. पिवळाधम्मक प्लाझ्मा वर आला. तिखटाच्या डब्याची आठवण झाली उगाच, ‘कंट्रोल हाय’. मी खरे कंट्रोल लावले, लो आणि हाय. दोन्ही बरोबर आले. मशीनवर विश्वास ठेवायला जागा होती. त्या दिवशी मला ती नको होती.

मग दोन खाचा. डावीकडे नॉर्मल पूल, उजवीकडे मंगलाताई. डावीकडे लिफ्टवाले काका, नर्सेस आणि बंडूभाऊ सगळे मिळून, उजवीकडे एकट्या ह्या. दोन्ही गोळ्या एकाच वेळी डोलायला लागल्या.

मंगलाताई पाठ करून बेसिनपाशी उभ्या राहिल्या. ‘‘मी पाह्यत नाही. ऐकते.’’

मी मनातल्या मनात म्हणत होते, डोल. डोल बाई. अजून थोडी.

बीप.

मी दचकले. कोपर रॅकला लागलं, दोन रिकाम्या कुप्या खाली पडून फुटल्या.

‘‘कोणाची?’’ त्यांनी तसंच पाठमोरं विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. नॉर्मलची बीप कधी येते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या अंगात भिनलंय.

‘‘ताई, रिपीट लावते.’’

‘‘लाव.’’

मी काचा तशाच राहू दिल्या. नवीन कुप्या, नवीन गोळ्या. पिपेट भरताना सर मागे येऊन उभे राहिले. पुन्हा डावीकडे पूल, उजवीकडे ताई. कधी नाही ते मी मोठ्यानं म्हटलं, ‘‘पहिल्या वेळी माझा हात हलला असेल. माझा हलतोच.’’

‘‘हलतेच,’’ मंगलाताई म्हणाल्या.

गोळ्या डोलायला लागल्या आणि त्यांचा फोन वाजला. पूर्वा. सकाळपासून वाट बघत बसलेली.

मंगलाताईंनी फोन कानाला लावला. ‘‘हां बाई... नाही, अजून चालूच आहे... जेवली का तू?... पाय उशीवर ठेवला का?’’ इथपर्यंत आवाज नेहमीचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मग पूर्वा काहीतरी बोलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकदम म्हणाल्या,

‘‘तू काहून भिऊन राहिली वं? हे घे, अनूशी बोल. आमच्या लॅबमंदी हिच्याइतकं भित्रं कोणी नाही, माहीत आहे ना तुले? हिचा आवाज ऐक. ही भ्यायली नसन, तर तुले भ्यायचं काही कारणच नाही!’’

आणि फोन माझ्या हातात.

‘‘अनूताई?’’ पूर्वाचा आवाज अगदी बारीक. ‘‘आईचं काय आलं?’’

मशीनकडे पाठ करायची मला हिंमत झाली नाही. दोन्ही गोळ्या डोलत होत्या. मंगलाताईंनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, लहान मुलं धरतात तसं.

‘‘रिपीट लावलंय,’’ मी म्हणाले. ‘‘ते काहीही आलं तरी सर मॅडमशी बोलणार आहेत. उद्यापासून कदाचित पोटावर एक छोटी सुई घ्यावी लागेल रोज. इन्सुलिनवाले घेतात ना, तशीच. घरीच घ्यायची.’’

‘‘दुखते का?’’

‘‘मला विचारतेस?’’ मी म्हणाले. ‘‘मी तर नुसता पट्टा बांधला तरी पडते.’’

ती हसली. थोडीशीच, पण हसली.

बीप.

मंगलाताई दचकल्या. इतक्या जोरात, की ओढणी माझ्या गळ्याला आवळली. उजवीकडची गोळी थांबली होती. डावीकडची, नॉर्मलची, अजून डोलत होती.

‘‘काय वाजलं, अनूताई?’’ पूर्वानं विचारलं.

‘‘काही नाही गं,’’ मी म्हणाले. ‘‘आमच्याकडे वाजतच असतं.’’